कडेची म्हस

गेल्या पावसाळ्यात एका मिसळीच्या हॉटेलात गेलतो. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण मिसळ चांगली असते आणि मला अजून तिथं जायचंय. बाहेर धो धो पाऊस, रेनकोट दाराच्या खिळ्याला अडकवला, बसलो, कट वेगळा आण म्हणून सांगितलं आणि मान वर केली तर समोरच्या भिंतीवर रंकाळा. चार फूट बाय सहा फूट. डिसेंबरातलं धुकं, संध्यामठ निम्मा पाण्यात, मागं शालिनी पॅलेसचा पुसट आकार आणि उजव्या कोपऱ्यात उडायच्या बेतात असलेला एक बगळा. तो बगळा मी ओळखला. त्याच्यासाठी तीन सकाळी काठावर कुडकुडत बसलो होतो, बगळा आपला म्हणजे फोटो आपलाच.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा छातीच फुगली. अर्धा मिनिट टिकलं ते. मग डोक्यात हिशोब सुरू झाला की हा फोटो मी आजवर बारा बाय अठरा इंचाच्या वर छापलेला नाही, फाइल कुणाच्या बापाला दिलेली नाही, मग हा बरोब्बर चौपट होऊन इथं आला कुठनं? उठून जवळ गेलो. त्या टेबलावरचा माणूस खुर्ची ओढून बाजूला झाला, त्याला वाटलं मला बेसिनकडं जायचंय. धुक्यात नाक घालून बघितलं तर सगळीकडं बारीक खडी, मधमाशीच्या पोळ्यासारखी ओळीनं बसलेली.

आता ह्यातली गंमत सांगतो. ती खडी म्हणजे सिल्क पेपरचं टेक्स्चर. शाहू स्मारकच्या कलादालनात पहिल्यांदा प्रदर्शन लावलं तेव्हा विकायच्या प्रिंट मी मुद्दाम सिल्कवर काढल्या होत्या, कॉपी होऊ नये म्हणून! लग्नाच्या अल्बममध्ये तुम्ही हा पेपर बघितलाय, बोट फिरवलं की कापडासारखा लागतो. स्कॅनरचा दिवा काचेखालून तिरका जातो, प्रत्येक उंचवट्याची एक बाजू चमकते आणि दुसरीवर सावली पडते, त्यामुळं स्कॅनमध्ये फोटोवर जाळी उमटते. जुने स्टुडिओवाले हा पेपर बोटांचे ठसे दिसू नयेत म्हणूनही वापरायचे आणि गिऱ्हाइकानं दुसरीकडं जाऊन कॉपी मारू नये म्हणूनही. तर माझ्या बंदोबस्तानं काम चोख केलं होतं, जाळी उमटली होती, फक्त ती उमटल्यावर समोरचा माणूस थांबेल असं जे मी धरून चाललो होतो तसं काही झालं नव्हतं. त्यानं जाळीसकट फ्लेक्स मारला. चोराला कुलूप दिसलं, त्यानं कुलपासकट दार उचलून नेलं.

मालकांना सांगितलं, हा फोटो माझा आहे. त्यांनी गल्ल्यावरनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा भिंतीकडं.

"तुमी काढलाय व्हय? आयला! लई भारी काढलाय. बसा की, उभं का ऱ्हायलाय?"

मी म्हटलं मला विचारायला पाहिजे होतं.

"आवो आमच्या मेव्हण्यानं विकत घेतलाय. तुमच्याकडनंच. पैसे दिल्यात त्यानं, फुकट न्हाई आणला. त्यानं फ्लेक्सवाल्याकडं दिला, फ्लेक्सवाल्यानं मोठा करून दिला."

आणि ह्यात त्या माणसाच्या चेहऱ्यावर चोरीचा लवलेश नव्हता. विकत घेतलेली वस्तू, आता तिचं काय करायचं ते आमचं आम्ही बघू, असा साधा सरळ हिशोब. मिसळीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, वर दोन ब्रेड जादा. म्हणजे त्या फोटोची आजवरची रॉयल्टी एक मिसळ आणि दोन स्लाइस.

कायद्यानं बघायला गेलं तर बाजू माझी आहे. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, त्यात प्रिंट विकणं आणि हक्क विकणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हक्क द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. मेव्हण्यांनी घेतला तो कागद आणि त्यावरची शाई. रजिस्ट्रेशन केलेलंच पाहिजे असंही नाही, फोटो काढला की हक्क आपोआप आला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर फोटोग्राफरला चित्रकार, लेखकासारखंच झालं, हयातभर आणि मरणानंतर ६० वर्षं. जाणूनबुजून कॉपी केली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. आता मला सांगा, कोल्हापुरात राहून मी मिसळवाल्याला कोर्टात खेचू? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?

पण खरं अडचणीचं कारण दुसरंच आहे. मी स्वतः चार वर्षं पगार घेऊन कॉपी मारलेल्या आहेत.

२००१ ते २००५ मी एका स्टुडिओत कामाला होतो. रोलचा जमाना संपत आलेला, डिजिटल परवडत नव्हतं. लग्नसराई सोडली तर निम्मं काम कॉपीचंच असायचं. मागच्या खोलीत कॉपी स्टँड, वरनं खाली बघणारा कॅमेरा, दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशात दोन दिवे, मागं काळं कापड. काचेतला फोटो असला तर काच काढायची, निघत नसली तर आपलंच प्रतिबिंब येऊ नये म्हणून कॅमेऱ्याला पण काळं कापड गुंडाळायचं आणि भोकातनं फक्त लेन्स बाहेर. सिल्कवरचा फोटो आला तर दोन्ही दिवे सारखे लावायचे, मग एका बाजूची सावली दुसरा दिवा खातो, खडी बरीचशी बसते. म्हणजे सिल्क पेपरचा इलाज मला विशीतच माहीत होता, तरी चाळिशीत मी त्याच पेपरवर भरवसा ठेवला. माणूस स्वतःच्या बाबतीत जरा येडाच असतो.

एकदा कागल तालुक्यातनं एक आजी आल्या होत्या. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला ग्रुप फोटो, साखर कारखान्यातल्या कामगारांचा, तीन रांगा. मधल्या रांगेत डावीकडनं चौथे त्यांचे मालक. चेहरा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा, डोक्याला पटका. वारून दहा वर्षं झालती आणि दुसरा फोटोच नव्हता, मुलाचं लग्न ठरलेलं, देवापुढं लावायला मोठा फोटो पाहिजे. फोटोच्या खालच्या पुठ्ठ्यावर दुसऱ्या स्टुडिओचा उठावाचा शिक्का आणि मागं जांभळ्या शाईत, 'कॉपी करण्यास सक्त मनाई आहे'. आमच्या मालकांनी ते वाचलं, चष्मा वर केला, फोटो सुलटा केला आणि मला म्हणाले, "लाव स्टँडवर."

कॉपी निगेटिव्हवरनं आठ बाय दहा काढला. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं चालू होतो ते कळेना. मग टचिंगवाल्यांनी तीन दिवस बसून ब्रशनं डोळे घातले, मिशी घातली, पटक्याच्या घड्या घातल्या. खरं तर निम्मा चेहरा त्यांनी मनानंच काढलेला. आजी आल्या, फोटो हातात घेतला, पदरानं काच पुसली (काच लावलेलीच नव्हती अजून) आणि म्हणाल्या, "आसंच बघायचं ते."

त्यात चोरी झाली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. आणि पुढं कायदा वाचला तेव्हा कळलं की ती जांभळी सक्त मनाई बऱ्याच वेळा नुसती दमदाटीच असायची. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार केलेला नसला तर त्या फोटोचा पहिला मालक कायद्यानं तो गिऱ्हाईकच. कलम १७. लग्नाचा अल्बम, पासपोर्ट, बारशाचा फोटो, सगळं त्यात येतं. आपण वर्षानुवर्षं शिक्के मारत बसलो, गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं घाबरत बसली. स्टुडिओचं खरं कुलूप म्हणजे निगेटिव्हचा पत्र्याचा डबा. पाकिटावर छापलेलं असायचं, आपली निगेटिव्ह आमच्याकडे सुरक्षित राहील. सुरक्षित म्हणजे काय, तर मोठा फोटो पाहिजे असला की तुम्हाला आमच्याच पायरीवर यावं लागेल.

२०१९ च्या महापुरात ते कुलूप पण गेलं. ओळखीच्या एकांच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं, चाळीस एक वर्षांचे डबे. निगेटिव्हवरचं जिलेटीन पाण्यात फुगतं, मऊ पडतं, वाळताना एकमेकांना चिकटतं आणि ओढलं की चित्रासकट निघून येतं. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघं जण बादलीत स्वच्छ पाणी घेऊन पट्ट्या सोडवत बसलो होतो, दोरीवर कपडे वाळत घालतात तशा घालत होतो. फार थोड्या वाचल्या. नंतर त्यांना त्यांचे स्वतःचे जुने फोटो कुठं मिळाले असतील? गिऱ्हाइकांच्या घरी, आणि त्यातले कित्येक परत कुणीतरी परस्पर मारलेल्या कॉपीच. तेव्हापासून कॉपी म्हटलं की मला एकदम संताप येत नाही. म्हणजे येतो, पण मग तो पत्र्याचा डबा आठवतो.

फोटोग्राफीची सुरुवात झाली तेव्हा हा कटकटीचा विषयच नव्हता. १८३९ चा तो दागेरोटाइप, चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावर थेट चित्र, निगेटिव्ह नाही, एक काढला की एकच, दुसरा पाहिजे तर परत खुर्चीत बसा नाहीतर पत्र्याचाच फोटो काढा. मग इंग्लंडात टॅलबॉटनं कागदाची निगेटिव्ह आणली आणि एकावरनं शंभर निघायला लागले. त्यातनंच आपला धंदा उभा राहिला आणि त्यातनंच हे दुखणं. तिकडच्या स्टुडिओवाल्यांची एक युक्ती मला फार आवडते. गिऱ्हाइकाला पसंतीसाठी जे प्रूफ द्यायचे ते मुद्दाम फिक्स करायचे नाहीत, हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात, घालायचेच नाहीत. घरी नेऊन उजेडात बघत बसलं की चेहरा हळूहळू काळा पडत जायचा. बघा किती बघायचंय ते! आजच्या मोबाइलच्या जमान्यात असा कागद मिळाला तर मी जास्तीचे पैसे मोजीन.

आणि नोटांवरची ती वर्तुळं. बऱ्याच देशांच्या नोटांवर पाच बारक्या वर्तुळांची एक ठरावीक मांडणी असते, कलर झेरॉक्सच्या कित्येक मशीन ती बघितली की कॉपी काढायला नकार देतात. केंब्रिजच्या मार्कुस कून नावाच्या माणसानं २००२ मध्ये मशीनवर प्रयोग करता करता ती हुडकली. एका मित्राला म्हटलं, धुक्यात घालू का पाच वर्तुळं? तो म्हणाला घाल की, आधी तुझाच प्रिंटर छापायला नाही म्हणेल.

तर मिसळ प्रकरणानंतर महिनाभर मी ह्याच किड्यात होतो. वॉटरमार्क म्हणावा तर कोपऱ्यात टाकला की कापून टाकतात, मधोमध टाकला की फोटोचा सत्यानाश, आणि प्रिंटवर तर टाकताच येत नाही, घरात लावायच्या फोटोवर कोण माझं नाव आडवं सहन करंल? शिवाय एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर असला की कॉम्प्युटर तो आपोआप ओळखून पुसू शकतो हे गूगलच्या लोकांनी २०१७ मध्येच दाखवून दिलंय, आता तर मोबाइलवरचं ॲप ते फुकटात करतं. नेटवर टाकायची फाइल लहान ठेवावी हे जुनं शहाणपण, लांब बाजू १२०० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयला जेमतेम चार इंच, पण एआय आता त्या चार इंचाचे चाळीस करून देतं आणि बगळ्याला नसलेली पिसं लावून देतं. टचिंगवाल्यांनी पटक्याला घड्या घातल्या तशी. होलोग्राम स्टिकर असतात, एक प्रिंटच्या मागं, त्याच नंबरचा दुसरा सर्टिफिकेटवर. त्यानं अस्सल कुठली ते कळतं, नक्कल थांबत नाही.

ह्याच गडबडीत पापाच्या तिकटीला चप्पल घ्यायला गेलतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपल्यासारख्याच चपला दाखवल्या, गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. दुकानदाराला विचारलं, तुम्हाला राग नाही आला? तो म्हणाला, "राग कशाचा? आमच्या म्होरं चार दुकानं सोडून रेक्झिनची कोल्हापुरी इकत्यात, ती रोजची हाय. ते मिलानवालं एकदाच आलं." मग त्यानं एक चप्पल हातात घेऊन वाकवली, कर्र असा आवाज झाला, आणि म्हणाला हे फोटोत दिसत नाही बघा.

हे मात्र डोक्यात बसलं. घरी येऊन मी सिल्क बंद केलं. आता सुती कागदावर पिग्मेंट शाईनं छापतो, ३०८ जीएसएमचा जाड कागद, हातात घेतला की भाकरीसारखा वजनाला लागतो. धुक्यातला पांढरा आणि कागदाचा पांढरा ह्यात जो बारीक फरक असतो तो ह्या कागदावर दिसतो आणि फ्लेक्सवर मरतो. खाली दोन बोटं कोरी कड, तिथं पेन्सिलनं नंबर आणि सही, पेन्सिलनं कारण शिसं उडत नाही. पंधरा काढायच्या, सोळावी नाही. ही पंधराची मर्यादा म्हणजे मी माझ्यावरच घातलेली कॉपीबंदी आहे, मिसळवाल्यावर तिचा काडीचा परिणाम नाही, हे मला कळतं. बिलावर एक ओळ मराठीत टाकली, 'ही प्रिंट तुमची, फोटोचा हक्क माझा, मोठा करायचा असेल तर फोन करा'. मागच्या प्रदर्शनात ती वाचून दोघांनी फोन केला. (ता. क. चित्र किंवा शिल्प दहा हजारांच्या वर परत विकलं गेलं तर त्यात कलाकाराला वाटा मागायची सोय कायद्यात आहे, फोटोचं नाव त्या यादीत नाही. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला त्या गावात बसून हे वाचताना जरा लागतंच. खरी कॉर्नरला आपल्याकडं कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे महाराजा!)

आणि एक सवय, जी माझी जुनीच आहे आणि सगळ्यात उपयोगाची ठरली. मी फोटो कधीच पूर्ण दाखवत नाही. कुठल्यातरी कडेची पट्टी कापूनच बाहेर देतो, कधी दोन टक्के, कधी दहा. उद्या कुणी फोटो माझा म्हणून उभा राहिला तर त्यानं पट्टी दाखवावी. ती फक्त माझ्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातनं आलेल्या मूळ फाइलमध्ये आहे, आणि त्याच्या आधीच्या नंतरच्या वीस फ्रेम पण.

रंकाळ्याच्या त्या फोटोची डावी कड कापलेली आहे. दिवाळीच्या आसपास परत मिसळ खायला गेलो तेव्हा लॅपटॉप बॅगेत होता. मालक निवांत होते, दुपारचे तीन वाजलेले. मी म्हटलं, तुमच्या भिंतीवर नाही ते दाखवतो, आणि पूर्ण फ्रेम उघडली. डाव्या कडेला धुक्यातनं अर्धवट बाहेर आलेली एक म्हस, गुडघाभर पाण्यात, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला एक पोरगा. मला ती तेव्हा नको होती. शांत धुकं, मठ, बगळा, त्यात म्हस म्हणजे गर्दी वाटली, म्हणून कापली.

मालकांनी लॅपटॉप स्वतःकडं फिरवला. बगळा, मठ, पॅलेस, कशाकडं बघितलंच नाही.

"ही कुणाची हो?"

मला काय माहीत कुणाची. त्यांनी आतनं दोघांना बोलावलं. एकाचे हात पिठाचे होते, त्यानं ते मागं धरले आणि वाकून बघितलं. शिंगाचं वळण, कपाळावरचा ठिपका, अशी दहा मिनिटं चर्चा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर येणारी एक नक्की अशीच होती असं एकाचं म्हणणं, दुसरा म्हणाला ती नव्हं, पाडव्याला पळवायला आणत्यात त्यातली. पोरगा कोण ह्याच्यावर कुणी बोललंच नाही.

"मला ही द्या. म्हशीसकट. कितीला?"

मी किंमत सांगितली. त्यांनी घासाघीस केली, मी पण थोडी केली, मिसळीचा मान म्हणून पाचशे कमी केले. हा वेगळा फोटो धरून वेगळी एडिशन केली, पेन्सिलनं पंधरापैकी एक असा नंबर घातला, फ्रेम करून पुढच्या आठवड्यात घेऊन गेलो. फ्लेक्स त्यांनी उतरवला नाही. गल्ल्याच्या मागं, देवाच्या फोटोशेजारी माझी प्रिंट लावली, आणि खिळा ठोकून खुर्चीवरनं खाली उतरता उतरताच खिशातनं मोबाइल काढून तिचा फोटो काढला.

"तालमीच्या ग्रुपवर टाकतो. म्हस कुणाची ते तिथं कळंल."

मी वाकून त्यांच्या स्क्रीनवर बघितलं. काचेत वरची ट्यूबलाइट आडवी आली होती, बरोबर मठावरनं, आणि तिच्याखाली बॅग खांद्याला लावून उभा असलेला मी. म्हस स्पष्ट होती.